कॅल्शियम निरोप देते म्हणजे नेमके काय करते?

वनस्पतींना कॅल्शियम कशासाठी लागते, असा प्रश्न आला की चांगला विद्यार्थी लिहितो : पेशीभित्तिकेसाठी. दोन शेजारी पेशींना सांधणाऱ्या थरात कॅल्शियम पेक्टेट असते, त्यामुळे ऊती घट्ट राहते. उत्तर बरोबर आहे, गुण पूर्ण मिळतात. लाजाळूची पाने का मिटतात, या प्रश्नाला तोच विद्यार्थी लिहितो की देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातील पेशींमधले पाणी बाहेर जाते म्हणून. हेही बरोबर. या दोन उत्तरांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे मात्र आपली पुस्तके सुचवत नाहीत. हा लेख त्या तुटलेल्या दुव्याबद्दल आहे, आणि दुवा नसल्यामुळे जी जागा मोकळी राहिली तिथे काय येऊन बसले आहे, त्याबद्दलही.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्रात खनिज पोषणाचा एक धडा अनेक वर्षे होता. अभ्यासक्रमाच्या अलीकडच्या कपातीत तो वगळला गेला. त्यातला कॅल्शियमवरचा परिच्छेद पेशीभित्तिका, पेशीविभाजनातले तर्कूतंतू, जुन्या पानांत होणारा साठा हे सगळे सांगून शेवटी, कॅल्शियम काही विकरांना चालना देते आणि चयापचयाच्या नियमनात महत्त्वाचा वाटा उचलते, एवढे म्हणून थांबत असे. माझी तक्रार या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. गेल्या चाळीस वर्षांत वनस्पतींच्या पेशीविज्ञानात जे सर्वांत रंजक घडले, त्यातला मोठा भाग या एका वाक्याच्या पोटात गडप झाला आहे. त्याच संस्थेच्या दहावीच्या पुस्तकात लाजाळू येते. स्पर्शाची माहिती विद्युत-रासायनिक मार्गाने पेशीतून पेशीत जाते, प्राण्यांसारखी त्यासाठी खास ऊती नसते, आणि पेशी आपल्यातले पाणी कमीजास्त करून आकार बदलतात, असे तिथे सांगितले आहे. थोडक्यात इतके नेमके लिहिणे सोपे नाही, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण ‘विद्युत-रासायनिक’ हा शब्द म्हणजे बंद डबा आहे. वर्गातली एखादी मुलगी विचारतेच, “सर, पण पानाला कळलं कसं?” आणि डबा उघडून दाखवण्यासारखे आपल्या हाती काही नसते.

अशा वेळी दुसरीच गोष्ट सांगितली जाते. जगदीशचंद्र बोसांनी झाडाला विष दिले, झाड तडफडले, आणि वनस्पतींना भावना असतात हे सिद्ध झाले, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच वेगवेगळ्या रूपांत ऐकली आहे. १९७३ साली पीटर टॉम्पकिन्स आणि ख्रिस्तोफर बर्ड यांचे ‘द सीक्रेट लाइफ ऑफ प्लांट्स’ हे पुस्तक आले आणि या गोष्टीला इंग्रजी पुस्तकाचे वजन मिळाले. त्यात क्लीव्ह बॅक्स्टर या माणसाचे प्रयोग मोठ्या भक्तिभावाने सांगितले आहेत. खोटे बोलणारा माणूस ओळखण्याच्या यंत्राचा हा जाणकार. १९६६ मध्ये त्याने ते यंत्र ड्रेसिनाच्या पानाला लावले, आणि आपल्या मनातला विचारसुद्धा झाडाला कळतो असा निष्कर्ष काढला. पुढे त्याने असेही जाहीर केले की, शेजारच्या खोलीत जिवंत कोळंबीवजा बारीक जीव उकळत्या पाण्यात टाकले की झाड प्रतिसाद देते. १९७५ मध्ये होरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग काळजीपूर्वक, नियंत्रणे ठेवून केला; ‘सायन्स’मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा की झाडाने काहीही प्रतिसाद दिला नाही. पुस्तक मात्र खपत राहिले. आज त्याच गोष्टी फोनवरच्या चित्रफितींमधून फिरतात.

असले पुस्तक चुकीचे आहे एवढे म्हणून भागत नाही. ‘झाडाला कळते’ हे उत्तर दिले की मुलीचा प्रश्न तिथेच संपतो, हे त्यातले मोठे नुकसान आहे. मन आहे म्हटल्यावर यंत्रणा शोधायची गरजच काय? आणि पाठ्यपुस्तकाने यंत्रणा सांगितलेली नसल्यामुळे शिक्षकाकडे त्या गोष्टीपुढे ठेवायला दुसरी गोष्ट नसते. ती दुसरी गोष्ट आहे, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा कितीतरी चांगली आहे. सिन्नरसारख्या तालुक्यात ती शिकवायला लागणारे बहुतेक सामान घरात आणि बांधावर पडलेले असते.

पाण्यापासूनच सुरुवात करू. सिन्नर तालुक्याचा पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेतला, पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे बोअरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या वस्त्या पुष्कळ. या पाण्याने चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर चढतो हे मुलांना ठाऊक असते. तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. कॅल्शियमची ही खोड आहे : ते कार्बोनेटशी जमते तसेच फॉस्फेटशीही जमते, आणि जमले की साका होऊन खाली बसते. जिवंत पेशीचा सगळा ऊर्जेचा व्यवहार एटीपीवर म्हणजे फॉस्फेटवर चालतो. पेशीत कॅल्शियम मोकळे सोडले तर ते फॉस्फेटला धरून बसेल आणि व्यवहार ठप्प होईल. म्हणून प्रत्येक पेशी कॅल्शियम सतत बाहेर उपसत असते, किंवा रिक्तिकेसारख्या कोठारात कोंडून ठेवते. या उपशासाठी पटलावर पंप असतात आणि ते चालवायला एटीपीच खर्च होते.

याचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. वनस्पतीच्या पेशीद्रवात मोकळे कॅल्शियम लिटरमागे सुमारे ०.१ मायक्रोमोल एवढेच असते. पेशीभित्तिकेतल्या पाण्यात आणि रिक्तिकेत ते साधारण १ मिलिमोलच्या घरात, म्हणजे दहा हजार पटींनी जास्त. मध्ये काय आहे? काही नॅनोमीटर जाडीचे पटल. धरणाच्या भिंतीला एवढा दाब कधी सोसावा लागत नाही. पटलातले एखादे कॅल्शियमचे दार क्षणभर उघडले, तरी आतले प्रमाण काही सेकंदांत पाचपट, दहापट होते, आणि पंप ते पुन्हा खाली आणतात. सोडियम किंवा पोटॅशियम आत भरपूर असतात, तिथे चार आयन वाढले तर कुणाला पत्ता लागत नाही. कॅल्शियमचे तसे नाही. शांत वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, तसे. जे विष म्हणून बाहेर हाकलले, त्याचाच पेशीने खुणेसाठी उपयोग करून घेतला.

आता ‘खूण’ या शब्दाबद्दल. आपल्या परिभाषेत कॅल्शियमला ‘द्वितीय संदेशवाहक’ म्हणतात. इंग्रजीतल्या शब्दाचे ते सरळ भाषांतर आहे, आणि मूळ शब्दात जो घोटाळा आहे तो भाषांतरात तसाच आला आहे. संदेशवाहक म्हटले की निरोप्या डोळ्यापुढे येतो : त्याला निरोप माहीत असतो, किंवा निदान त्याच्या पिशवीत पत्र असते. कॅल्शियमच्या पिशवीत काही नाही. थंडी वाजली तरी तेच कॅल्शियम, पान कुरतडले तरी तेच, जमिनीत क्षार वाढले तरी तेच. दोन धन भार असलेला एक साधा आयन. मग पेशी थंडी आणि क्षार यांत गोंधळ कशी करत नाही? हा खरा प्रश्न आहे, आणि ‘संदेशवाहक’ हा शब्द तो झाकून टाकतो.

मला शाळेची घंटा जवळची वाटते. घंटेत निरोप नसतो. तीच घंटा ऐकून पहिलीची मुले दप्तर उचलतात, सातवीची पुढच्या तासाचे पुस्तक काढतात आणि शिपाई फाटकाकडे जातो. अर्थ ऐकणाऱ्याकडे असतो, आणि ऐकणारा कुठे बसला आहे त्यात असतो. वनस्पतीच्या पेशीत ऐकणारी असतात ती कॅल्शियमला बांधून घेणारी प्रथिने. त्यांच्या साखळीत एक ठरावीक घडी असते : दोन मळसूत्रे आणि त्यांच्यामध्ये एक वळसा, ताठ अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यासारखा. रॉबर्ट क्रेटसिंगर यांनी १९७३ च्या सुमारास कार्प माशाच्या एका प्रथिनाच्या रचनेत ही घडी ओळखली आणि तिला ‘ईएफ हात’ म्हटले. कॅल्मोड्युलिन या प्रसिद्ध प्रथिनाला असे चार हात असतात. बेचक्यात कॅल्शियम अडकले की प्रथिनाचा आकार बदलतो, झाकलेली बाजू उघडी पडते, आणि ती दुसऱ्या प्रथिनाला चिकटते. ‘कळणे’ म्हणजे पेशीच्या पातळीवर एवढेच.

कॅल्मोड्युलिन आपल्यातही आहे. वनस्पतींनी मात्र त्यापलीकडे स्वतःची जमवाजमव केली आहे. सीडीपीके नावाच्या प्रथिनांत कॅल्शियम पकडणारा भाग आणि दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडणारा भाग एकाच साखळीत शिवलेले असतात. कान आणि हात एकाच अंगाला. प्राण्यांत ही प्रथिने नाहीत. हिवतापाच्या परजीवीत मात्र आहेत. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या प्रायोगिक झाडात ३४ सीडीपीके आहेत. दुसरा गट सीबीएल प्रथिनांचा, त्याच झाडात दहा; ती स्वतः काही करत नाहीत, सीआयपीके नावाच्या २६ जोडीदारांपैकी कुणालातरी धरून कामाला लावतात.

इथे पटलाचा मुद्दा येतो, आणि तो दाखवणारा प्रयोग मला या साऱ्या विषयातला सर्वांत शिकवण्याजोगा वाटतो. जियान-कांग झू यांच्या गटाला अरॅबिडॉप्सिसची काही उत्परिवर्तित झाडे मिळाली होती; मिठाच्या पाण्यात ती फार लवकर खुरटत. त्यांतल्या एकात एसओएस-३ हे जनुक बिघडलेले होते. १९९८ मध्ये ते ओळखले गेले. त्याचे प्रथिन सीबीएल गटातले, कॅल्शियम पकडणारे. या प्रथिनाच्या एका टोकाला चौदा कार्बनांच्या मायरिस्टिक आम्लाची शेपटी जोडलेली असते. मायरिस्टिक हे नाव जायफळाच्या शास्त्रीय नावावरून, मायरिस्टिकावरून, आले आहे. शेपटी स्निग्ध असल्यामुळे ती पटलाच्या स्निग्ध थरात रुतते आणि प्रथिन पटलाला टेकून राहते. मिठामुळे पेशीत कॅल्शियम वाढले की एसओएस-३ ते पकडते, आपल्या जोडीदाराला, एसओएस-२ ला, पटलापाशी ओढून घेते, तो पटलातल्या एसओएस-१ या वाहक प्रथिनाला फॉस्फेट जोडतो आणि ते सोडियम बाहेर फेकू लागते. २०००मध्ये इशितानी आणि सहकाऱ्यांनी काय केले? त्यांनी प्रथिनातले फक्त एक अमिनो आम्ल, शेपटी जिथे जोडली जाते तिथले ग्लायसिन, बदलले. कॅल्शियम पकडणारा भाग शाबूत ठेवला. बिघडलेल्या झाडाला हे प्रथिन दिले तर झाड मिठात तगले नाही. शेपटीसकटचे प्रथिन दिले तर तगले. म्हणजे घंटा वाजली होती आणि ऐकणाराही होता, पण तो फाटकाबाहेर उभा होता. कालव्याखाली जमिनी चोपण होणे महाराष्ट्राला नवे नाही, त्यामुळे या प्रयोगाचे महत्त्व मुलांना समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही.

काही ऐकणारे तर दाराच्या चौकटीतच बसवलेले आहेत. रिक्तिकेच्या पटलात टीपीसी-१ नावाचा मार्ग आहे. त्याच्या पेशीद्रवाकडच्या भागात दोन ईएफ हात आहेत. पेशीद्रवात कॅल्शियम वाढले की हा मार्ग उघडायला सोपा होतो. मुळाच्या टोकाला मीठ लावले तर कॅल्शियमची लाट सेकंदाला सुमारे ४०० मायक्रोमीटर वेगाने मुळातून वर सरकते, आणि टीपीसी-१ नसलेल्या झाडात ती रेंगाळते, हे २०१४ मध्ये दाखवले गेले. या मार्गातून प्रत्यक्ष कॅल्शियमच वाहते की मुख्यतः दुसरे आयन, यावर अजून वाद आहे. लोकप्रिय लेखांत हा वाद गाळला जातो. शिक्षकांसाठी लिहिताना तरी तो गाळू नये असे मला वाटते.

वादच सांगायचे तर केन्याइतके चांगले उदाहरण नाही. सिन्नरच्या बांधावर पावसाळ्यात निळ्या फुलांचा केना माजतो आणि निंदणी करणाऱ्या बायका त्याला शिव्या घालतात. आपला केना म्हणजे कॉमेलायना बेंगालेन्सिस. त्याचाच भाऊ कॉमेलायना कम्युनिस हा पर्णरंध्रांच्या संशोधनातला लाडका प्राणी, म्हणजे लाडके झाड, कारण त्याच्या पानाची खालची साल सहज सोलून निघते आणि रक्षक पेशी मोठ्या असतात. पाणी कमी पडले की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि रंध्रे मिटतात. १९९० मध्ये मॅकेन्श, ब्राउनली आणि हेदरिंग्टन यांनी केन्याच्या रक्षक पेशीत कॅल्शियमला चमकणारा रंग भरून पाहिले, तर संप्रेरक दिल्यावर आधी कॅल्शियम वाढते, मग रंध्र मिटते. झाले, वाटले प्रश्न सुटला. पुढच्याच वर्षी गिलरॉय आणि सहकाऱ्यांनी याच वनस्पतीत पाहिले की रंध्रे सगळी मिटतात, पण कॅल्शियमची वाढ काहीच पेशींत दिसते. दोघांचेही प्रयोग चोख होते. आज कळते ते असे की रंध्र मिटवणाऱ्या ऋणायनांच्या मार्गाला (स्लॅक-१, २००८ मध्ये सापडलेला) उघडणारी प्रथिने दोन तऱ्हेची आहेत : सीडीपीके, ज्यांना कॅल्शियम लागते, आणि ओएसटी-१, ज्याला लागत नाही. ऋणायन बाहेर पडले की पोटॅशियम पाठोपाठ जाते, त्यामागे पाणी, आणि रक्षक पेशी ढिल्या पडतात. घराला पुढचे आणि मागचे अशी दोन दारे असावीत तसे हे आहे. ‘कॅल्शियममुळे रंध्र मिटते’ हे सुटसुटीत वाक्य त्यामुळे अर्धेच खरे.

महाविद्यालयीन टिपणांबद्दलही एक तक्रार नोंदवतो. बहुतेकांत वनस्पतीच्या पेशीचे जे चित्र असते ते प्राण्यांच्या पेशीवरून उचललेले असते : आयपी-३ नावाचा रेणू तयार होतो, तो आतल्या कोठाराच्या दारावरच्या ग्राहकाला चिकटतो, कॅल्शियम बाहेर येते. १९९० मध्ये केन्याच्या रक्षक पेशीत आयपी-३ सोडले तर रंध्र मिटते असे दिसले होते, त्यामुळे त्या काळी हे चित्र काढण्यात गैर काही नव्हते. पण डिसेंबर २००० मध्ये अरॅबिडॉप्सिसचा पूर्ण जनुकसंच छापून आला आणि त्यात प्राण्यांसारखा आयपी-३ चा ग्राहक सापडला नाही. पुढे वाचलेल्या इतर फुलझाडांतही नाही. चित्र मात्र टिपणांमधून निघायला तयार नाही. वनस्पती म्हणजे कमी प्रतीचा प्राणी नव्हे. तिने तीच अडचण वेगळ्या भागांनी सोडवली आहे, आणि ते वेगळेपण पुसून टाकणारे चित्र काढण्यापेक्षा चित्र न काढलेले बरे.

घंटेच्या उपमेची मर्यादाही सांगायला हवी. किती टोल पडले यालाही काही अर्थ असतो का? रक्षक पेशीत कॅल्शियम नुसते वाढत नाही, लाटांसारखे वरखाली होते. अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एका उत्परिवर्तित झाडात पाहिले की बाहेरून कॅल्शियम दिल्यावर आतले प्रमाण चढून तसेच राहते, लाटा येत नाहीत, आणि रंध्र मिटत नाही. मग त्यांनी बाहेरचे द्रव आलटून पालटून बदलून लाटा मुद्दाम निर्माण केल्या, तर मिटले. म्हणजे टोल मोजले जातात. पण हे सर्वत्र खरे आहे का? स्क्रेस-फील्ड आणि नाइट यांनी २००३ मध्ये सरळच विचारले, की बहुतेक ठिकाणी कॅल्शियम हे नुसते दिव्याचे बटण तर नाही ना? त्यांची शंका मला रास्त वाटते. रक्षक पेशीचा पुरावा भक्कम आहे, तो इतर प्रत्येक पेशीला लावून ‘कॅल्शियमची भाषा’ म्हणणे घाईचे आहे.

आता बोसांकडे परत येतो, कारण त्यांच्यावर आपल्याकडच्या गोष्टीने अन्याय केला आहे. बोसांनी झाडाला ‘भावना’ आहेत हे सिद्ध केले म्हणून ते मोठे नाहीत. लाजाळूत उत्तेजना किती वेगाने पुढे जाते हे त्यांनी स्वतः बनवलेल्या नाजूक यंत्रांनी मोजले, तिच्यावर तापमानाचा आणि विषांचा परिणाम तपासला आणि ती विद्युत स्वरूपाची आहे असा आग्रह धरला. १९२६ च्या त्यांच्या पुस्तकाचे नावच ‘द नर्व्हस मेकॅनिझम ऑफ प्लांट्स’. याच्या उलट, इटलीतल्या उबाल्डो रिक्का यांनी १९१६ मध्ये लाजाळूच्याच जातकुळीतल्या झाडाचे खोड कापून दोन तुकडे पाण्याच्या नळीने जोडले, आणि तरी उत्तेजना पलीकडे गेली. नळीत मज्जातंतू नसतो. म्हणजे जखमेतून काहीतरी रसायन पाण्याबरोबर वाहत जात असणार. बोस की रिक्का, हा वाद पुष्कळ काळ चालला.

२०१८ मध्ये टोयोटा, गिलरॉय आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये जे दाखवले ते या दोघांनाही ओळखीचे वाटले असते. त्यांनी अरॅबिडॉप्सिसमध्ये कॅल्शियम वाढल्यावर हिरवे चमकणारे प्रथिन घातले. अळीने पान कुरतडले की चमक जखमेपासून निघते आणि वाहिन्यांतून सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर वेगाने दूरच्या पानांत पोचते, तिथे संरक्षणाची तयारी सुरू होते. जखमेतून ग्लुटामेट हे अमिनो आम्ल गळते, आणि पटलातले ग्लुटामेट ग्राहकांसारखे मार्ग त्याला प्रतिसाद देतात. यांतले दोन मार्ग बिघडवले तर लाट पुढे जात नाही. वाहून जाणारे रसायनही आहे आणि विद्युत लाटही आहे. मूळ चित्रफीत अप्रतिम आहे, मुलांना जरूर दाखवावी. पण ती फिरते ती ‘झाडाला होणाऱ्या वेदना पाहा’ अशा मथळ्याखाली, कारण ग्लुटामेट आपल्या मेंदूतही असते. हा तर्क कसा आहे? विहिरीवर मोटर आहे आणि पिठाच्या गिरणीतही तशीच मोटर आहे, म्हणून विहीर पीठ दळते म्हणण्यासारखा. २००६ मध्ये काही संशोधकांनी ‘वनस्पती-चेताशास्त्र’ अशी शाखाच जाहीर केली, तेव्हा पुढच्या वर्षी ३६ वनस्पतिशास्त्रज्ञांनी सही करून विचारले, की या नावाने आपल्याला नवे काय कळते? तो प्रश्न आजही तसाच उभा आहे. लाजाळूपुरते सांगायचे तर २०२२ मध्ये जपानच्या सैतामा विद्यापीठातील गटाने तिच्यातली कॅल्शियमची लाट प्रत्यक्ष पाहिली : ती देठाच्या गादीपाशी पोचते आणि मगच पान मिटते. गाद्या नसलेली, न मिटणारी झाडे नाकतोड्यांनी जास्त खाल्ली. ‘लाजणे’ कशासाठी, याचे उत्तर इतके साधे आहे.

एका गोष्टीचा सिन्नरमध्ये गमतीने उल्लेख करावासा वाटतो. पेशीद्रवातले कॅल्शियम जिवंत झाडात प्रथम दिसले ते तंबाखूच्या गणातल्या एका झाडात. १९९१ मध्ये नाइट, कँपबेल, स्मिथ आणि ट्रेवावस यांनी जेलीफिशचे इक्वोरिन हे प्रकाशणारे प्रथिन या रोपांत घातले. रोपाला हात लावला की उजेडाचा झोत, गार पाणी ओतले की झोत. ज्या गावात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या पिढ्या गेल्या, तिथल्या मुलांना तंबाखूची ही दुसरी ओळखही असावी.

‘कॅल्शियम संदेश देते’ हे अर्धवट ऐकलेले वाक्य शेतीच्या दुकानातही पोचले आहे, आणि तिथे त्याची किंमत रुपयांत मोजावी लागते. कॅल्शियमच्या फवाऱ्याने झाड ‘जागे’ होते, प्रतिकारशक्ती वाढते असे सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच. वरचे आकडे आठवा. बाहेर आधीच दहा हजार पट कॅल्शियम आहे. खूण होते ती आतल्या क्षणिक बदलाने, बाहेरच्या साठ्याने नव्हे. टोमॅटोच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो तो रोग खरोखर फळात कॅल्शियम कमी पडल्याचा आहे, पण आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम नसते असे सहसा होत नाही. कॅल्शियम जलवाहिनीतून पाण्याबरोबर जाते, रसवाहिनीतून जवळजवळ नाही. पाने भरपूर बाष्पोत्सर्जन करतात, फळ फारच थोडे. त्यामुळे पाणी कधी भरपूर, कधी नाही असे झाले की फळाचा वाटा बुडतो. वर्गात अर्ध्याहून अधिक मुलांच्या घरी टोमॅटो असेल तर हा हिशेब मांडायला वेगळ्या धड्याची गरज नाही.

शेवटी केन्याचा प्रयोग, कारण तो शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली जमण्यासारखा आहे. सकाळी केन्याच्या ताज्या पानाची खालची साल सोला. एका बशीत लिटरमागे ३.७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण घ्या, दुसरीत तेच द्रावण आणि त्यात १ मिलिमोल कॅल्शियम क्लोराइड. शाळेच्या तराजूवर इतके थोडे तोलता येत नाही, म्हणून स्फटिकरूप कॅल्शियम क्लोराइड (दोन पाणीरेणूंचे) १.४७ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातले १ मिलिलिटर पहिल्या द्रावणाच्या ९९ मिलिलिटरमध्ये घाला. दोन्ही बशा दोनतीन तास चांगल्या उजेडात, पण उन्हात तापणार नाहीत अशा ठेवा. मग प्रत्येकीतली पन्नास रंध्रे पाहून किती उघडी, किती मिटलेली ते मोजा. मोजणाऱ्याला कोणती बशी कोणती हे सांगू नका. कॅल्शियमच्या बशीत रंध्रे कमी उघडलेली दिसावीत. दिसली तरी त्यातून पेशीच्या आतले कॅल्शियम दिसले असे समजू नका. आपण बाहेरचे बदलले, आतले फक्त अनुमान आहे. आणि पाणी डिस्टिल्ड, किंवा भांड्यात धरलेले पावसाचे घ्या. बोअरच्या पाण्यात केलात तर दोन्ही बशांत कॅल्शियम आधीच असेल, आणि फरक काही दिसणार नाही.